बाबांचा दीड पानी शेरा

आमच्या घरात परराष्ट्र धोरण रात्रीच्या जेवणाबरोबर वाढलं जाई. इतर घरांत त्या वेळी दूधवाला किती पाणी घालतो, कारखान्यात कोणाची बढती अडली, याची चर्चा चाले. आमच्याकडे पहिला घास घ्यायच्या आधी बाबा रेडिओ बंद करत आणि आपला देश त्या दिवशी जगात कोणाच्या बाजूने उभा राहिला ते सांगत. आईला त्यात फारसा रस नव्हता. ती पोळी वाढता वाढता "हो का" म्हणे आणि तेवढ्यावर बाबांचं समाधान होई. मला मात्र ते ऐकायला मनापासून आवडे. आपला देश गरीब आहे, पण उभं कुठे राहायचं हे त्याला कळतं, असं काहीतरी ते बोलणं ऐकून वाटायचं आणि आमटीभातालाही एक प्रकारचा मान आल्यासारखा वाटायचा.

बाबा मूळचे नागपूरचे. भोपाळच्या कारखान्यात कार्मिक विभागात अधिकारी होते. तरुणपणी ते प्रभातफेऱ्यांत फिरले होते, आणि त्या दिवसांत जे मनात बसलं ते पुढे कधी हललं नाही. जो देश स्वतः दुसऱ्याच्या ताब्यातून सुटला त्याने दुसऱ्याची जमीन घेणाऱ्याशी संबंध ठेवू नयेत, आणि धर्माच्या नावावर देश तोडण्याची किंमत ज्याने मोजली त्याने धर्माच्या नावावर उभ्या राहिलेल्या देशाला सहज जवळ करू नये, ही त्यांची दोन सूत्रं. इस्रायलशी आपले राजनैतिक संबंध का नाहीत, हे ते या दोन सूत्रांवरून इतकं सोपं करून सांगत की शाळकरी पोरालाही कळावं. एक माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो, त्यालाच बाहेर काढतो आणि दाराला आपली पाटी लावतो. आपण त्या पाटीला नमस्कार करायचा का?

हे त्यांनी एकदा सेराकाकूंसमोर सांगितलं. त्या वाटीभर खोबऱ्याची चटणी द्यायला आल्या होत्या. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "भाऊजी, पाटीचं राहू द्या. आमची आई तिथे तिसऱ्या मजल्यावर राहते, तिच्या दाराला पाटीच नाही." बाबा मोठ्याने हसले. काकूही हसल्या. तेव्हा असं हसता येत होतं.

सेराकाकू आणि डॅनियलकाका किहीमकर म्हणजे आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. टाउनशिपमधली क्वार्टर्स जोडीजोडीने बांधलेली होती आणि मधली भिंत इतकी पातळ होती की काकांनी कूस बदलली तरी आम्हाला कळे. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. काकू मंगळसूत्र घालत, हिरव्या बांगड्या भरत आणि आईपेक्षा चांगलं पुरण वाटत. टाउनशिपमधले हिंदी लोक त्यांना ईसाई समजत. सुरुवातीला काकू दुरुस्त करायच्या, नंतर त्यांनी तेही सोडून दिलं. भोपाळात त्यांचं प्रार्थनाघर नव्हतं. सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि काका एकटे. काकू म्हणायच्या, "बाकीचे नऊ काय भाऊजींच्या ऑफिसातून मागवू?" शुक्रवारी दिवस मावळताना त्या घरात तेलाची दिवी लागे आणि काकांचा खोल, थोडा बेसूर आवाज भिंतीतून आमच्याकडे येई. भाषा हिब्रू, पण हेल अलिबागचा. आई त्या वेळी कुकरची शिटी होऊ देत नसे. गॅस बारीक करून उभी राही.

काका वाइंडिंग शॉपमध्ये फोरमन होते. काकू कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. माझ्या टायफॉइडपासून आईच्या ऑपरेशनपर्यंत आमच्या घरातलं प्रत्येक दुखणं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन ठाण्याला होती. काकूंची आई मात्र धाकट्या मुलाबरोबर इस्रायलला गेली होती, त्याला बरीच वर्षं झाली होती. लोद नावाच्या गावात ती राहत होती. तिची निळी हवाई पत्रं येत, शुद्ध मराठीत, आणि काकू ती आमच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचत. इथे नारळ मिळतो पण त्यात पाणी नसतं. शेजारीण मोरोक्कोची आहे, तिला माझं बोलणं कळत नाही आणि मला तिचं, त्यामुळे अजून भांडण झालेलं नाही. मासे महाग आहेत. सेरा, तुझा चेहरा आता नीट आठवत नाही, फोटो पाठव, पण हसू नकोस, हसलीस की तू वडिलांसारखी दिसतेस.

मग एके दिवशी पत्र आलं ते भावाच्या हातचं. आईला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं अर्धवट कळत होतं. दार वाजलं की ती एकच विचारते, लिहिलं होतं, सेरा आली का?

काकूंनी ते पत्र ओट्यावर वाचलं नाही. माझ्या आईला आत नेऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशी ड्युटीचा पांढरा गणवेश अंगावर असतानाच त्या बाबांकडे आल्या. आता जाऊन यायचं, एवढंच त्या म्हणाल्या. कसं ते बाबांनी सांगायचं.

आजच्या वाचकाला हे सांगावं लागेल की त्या काळी पासपोर्ट घेतला की निघालं असं नव्हतं. कोणकोणत्या देशांत जायची मुभा आहे ते पासपोर्टवर लिहून घ्यावं लागे, आणि सरकारी कारखान्यातल्या माणसाला आधी आपल्या खात्याची ना-हरकत लागे. इस्रायलचं नाव असलं की कागद भोपाळात न सुटता दिल्लीला जाई. त्या देशाची पूर्ण वकिलात भारतात नव्हतीच. मुंबईत एक लहानसं कार्यालय होतं आणि त्याला महाराष्ट्राबाहेरच्यांचं काम बघायची परवानगी नव्हती. म्हणजे काकू मराठी असून, मध्य प्रदेशात राहतात म्हणून, त्या कार्यालयाच्या दृष्टीने नव्हत्याच. ही अडचण काकूंनी चुटकीसरशी सोडवली. मुलीचा ठाण्याचा पत्ता होता. राहिली ती ना-हरकत, आणि ती तर भाऊजींच्याच टेबलावरून जायची होती. सगळ्यांना हायसं वाटलं.

बाबांनी अर्ज घरी घेतला नाही. ऑफिसात द्या म्हणाले, रीतीने येऊ द्या. पण त्यावरचा शेरा त्यांनी रविवारी सकाळी घरी बसून लिहिला. मला तो दिवस स्पष्ट आठवतो. बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. आईने पोहे केले होते, त्यावर भोपाळी पद्धतीने शेव आणि कांदा, आणि कोपऱ्यावरून आणलेली जिलबी. पोहे गार झाले तरी बाबा लिहीत राहिले. लिहून झाल्यावर त्यांनी तो आम्हाला वाचून दाखवला, इंग्रजीतला, मध्ये मध्ये आईसाठी मराठीत सांगत. दीड पान होतं. अर्जदार महिलेची आई आजारी आहे हे पहिल्या वाक्यात आलं होतं आणि पुढे त्याचा उल्लेख नव्हता. पुढचं सगळं देशाच्या भूमिकेविषयी. ही भूमिका न्याय्य आहे आणि ती आपल्याला संपूर्ण मान्य आहे, ती कोणत्याही समाजाच्या द्वेषावर नसून माणुसकीवर उभी आहे, आणि म्हणूनच एका मुलीला आईच्या भेटीला जाऊ देण्याने ती दुबळी होत नाही, उलट तिची नैतिक बाजू जगापुढे उजळते.

मी तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि वादविवादात बक्षिसं मिळवत होतो. मी "वा" म्हणालो. मला खरोखरच तो शेरा सुंदर वाटला. कामापुरती दोन ओळींची शिफारस कोणीही लिहील, माझ्या वडिलांनी त्यात एक विचार मांडला होता. आई म्हणाली, "झालं का? आता पोहे परत गरम करते."

कागद दिल्लीला गेला. मग वाट बघणं सुरू झालं. काकू संध्याकाळच्या ड्युटीला निघताना आमच्या फाटकाशी थांबत. "भाऊजी, दिल्ली उठली का?" बाबा म्हणत, "अजून तोंड धुतेय." काही दिवसांनी, "चहा घेतेय." आणखी काही दिवसांनी बाबांना नवीन काही सुचेना, तेव्हा ते नुसती मान हलवत, आणि काकू त्यांचीच समजूत घातल्यासारखं "असू दे, असू दे" म्हणत पुढे जात. बाबांनी स्मरणपत्रं पाठवली, ट्रंक कॉल लावले. कागद विचाराधीन आहे, हे एकच उत्तर येई. लोदहून पत्रं येत राहिली. आईला आता भरवावं लागतं. आई आता दिवसाही झोपते. दार वाजलं की अजून विचारते.

त्याच दिवसांत काकूंचं नवीन वर्ष आलं. त्याला त्या नव्याचा सण म्हणत. त्या सणाला त्यांच्याकडे गव्हाच्या चिकाचा हलवा होई. सिहोरकडचा शरबती गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, त्याचा चीक काढून निवळू द्यायचा. मग नारळाचं दूध, साखर, वेलची घालून मोठ्या पातेल्यात तो शिजवत बसायचं. दूध नारळाचंच, कारण जेवणात मटण असलं की गाईम्हशीचं दूध चालत नाही. नारळ मुंबईहून पंजाब मेलने कोणीतरी आणे. भोपाळच्या देवळाबाहेरचे नारळ काकू हातात घेऊन हलवत आणि परत ठेवत. हलवा घोटायचा म्हणजे तास दोन तासांचं काम, आणि हात क्षणभर थांबला तरी खाली लागतो. म्हणून दरवर्षी आम्हा शेजाऱ्यांना बोलावणं असे. त्या वर्षी काकू सण करतील असं वाटलं नव्हतं. पण त्यांनी गहू भिजत घातला आणि मला म्हणाल्या, "नंद्या, कॉलेजातून एखादा दणकट गडी आण. तुझ्या हातात काही दम नाही."

मी नबीलला नेलं. नबील माझ्या वर्गात होता, पॅलेस्टिनी, आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेला. बाबांना तो फार आवडे. धोरण म्हणजे नुसतं मत देणं नाही, म्हणत, धोरण म्हणजे हा पोरगा आपल्या पैशाने शिकतोय. होस्टेलच्या डाळीला कंटाळलेला तो दर पंधरवड्याला आमच्याकडे जेवायला येई आणि आईच्या हातचं झुणका-भाकर घाम पुसत खाई. पण काकूंशी त्याची भेट कधी झाली नव्हती. त्या कोण आहेत हे मी त्याला सांगितलं नाही, आणि तो कोण आहे हे काकूंना. मी लपवलं असं नाही. माझ्या डोक्यात काकू म्हणजे काकू होत्या आणि नबील म्हणजे नबील. जेवताना ज्या विषयावर इतकं बोललं जाई, तो विषय या दोघांचा आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मागच्या अंगणात शेगडीवर पातेलं होतं. नबीलने बाह्या सरसावल्या आणि लाकडी उलथनं हातात घेतलं. काकू वेताच्या मोढ्यावर बसून नारळाचं दूध धारेने सोडत होत्या. काका पिस्ते कातरत होते. काकूंनी नेहमीच्या प्रेमाने विचारलं, "कहाँ के हो, बेटा?"

"फ़िलिस्तीन।"

काकूंच्या हातातली धार थांबली आणि परत सुरू झाली. "वहाँ कहाँ?"

"पैदा तो जॉर्डन में हुआ, कैंप में। दादी लिद्द की थीं। अब नहीं रहीं।"

काका पिस्त्यांवरून नजर न उचलता हळूच म्हणाले, "लिद्द म्हणजे लोद."

काकूंनी दुधाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मेरी माँ वहीं है।"

नबीलचा हात थांबला. तो त्यांच्याकडे बघत राहिला. पातेल्यातून जाड, गुळगुळीत बुडबुडा फुटला. काकू म्हणाल्या, "हाथ मत रोक, बेटा। नीचे लग जाएगा।" आणि तो परत घोटू लागला.

त्यानंतर जे झालं ते भांडण नव्हतं, त्याला काय म्हणावं मला कळत नाही. दोघांनीही ते गाव पाहिलेलं नव्हतं. एकाने ते आजीकडून ऐकलं होतं, दुसरीने आईच्या पत्रांतून, आणि दोघं ते जुळवून बघू लागले. नबील म्हणाला, दादीच्या घरामागे तेलाचा घाणा होता. काकू म्हणाल्या, आई लिहायची की खिडकीतून आगगाडी ऐकू येते. गाडीचं दादीही सांगायची, नबील म्हणाला. अंगणात लिंबाचं झाड होतं, इतकं मोठं की शेजारच्या घरावर सावली पडे. ते आहे का अजून? काकू म्हणाल्या, आईने कधी लिहिलं नाही, मी भावाला विचारीन. मग त्याने विचारलं, तुमची आई जुन्या घरात राहते का, दगडी? नाही, काकू घाईने म्हणाल्या, नवीन बिल्डिंग आहे, तीन मजल्यांची. दोघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी सैल झालेलं मी पाहिलं.

नबील थोडा वेळ घोटत राहिला. मग खाली पातेल्यातच बघत, कडवटपणा अजिबात नसलेल्या आवाजात म्हणाला, "नई बिल्डिंग भी किसी की ज़मीन पर ही होगी, आंटी।"

काकूंनी उरलेलं नारळाचं दूध पातेल्यात सोडलं. हलवा झाला, थाळ्यांत थापला, वर पिस्ते पडले. नबीलला त्यांनी होस्टेलसाठी डबा भरून दिला, सगळ्यांत मोठा. तो सायकलवर बसून जाईपर्यंत फाटकाशी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून दिल्ली उठली का हे त्यांनी विचारणं बंद केलं. फाटकाशी थांबत, आईशी भाजीचं, ड्युटीचं बोलत, बाबांना पाहून हसून मान हलवत, आणि जात. अर्ज मागे घेते असंही म्हणाल्या नाहीत. त्यांना आईकडे जायचं नव्हतं असं मला एक क्षणही वाटलं नाही. लोदचं पत्र आलं की भिंतीपलीकडून त्यांच्या रडण्याचा आवाज येई. पण मागणं थांबलं. मी पुष्कळदा विचार करतो की त्या संध्याकाळी मी दुसऱ्या कोणाला नेलं असतं तर त्या अडून बसल्या असत्या का, दिल्लीला धडकल्या असत्या का. त्यांना मी कधी विचारलं नाही. विचारून त्यांनी काय सांगावं अशी माझी अपेक्षा होती, तेही मला सांगता येणार नाही.

न विचारणंच बाबांना सहन झालं नाही. त्यांनी रजा काढली, स्वतःच्या खर्चाने दिल्लीला गेले आणि दोन दिवसांनी परत आले. स्टेशनवरून येऊन त्यांनी अंघोळही केली नाही. ओट्यावर बसून आईला आणि मला सांगितलं, आवाज चढवला नाही. ज्या साहेबाकडे कागद होता तो सभ्य माणूस होता. त्याने चहा मागवला, शेऱ्याच्या इंग्रजीची तारीफ केली. म्हणाला, आजारी आईबापांचे अर्ज खालच्या टेबलावरूनच निकालात निघतात, एखादा महिना लागतो. पण आपण धोरणाचा मुद्दा काढलात, तेव्हा खालच्या माणसाची सही करायची छाती झाली नाही, कागद धोरणवाल्यांकडे आला. आता ते म्हणतात, या युक्तिवादावर एकाला दिलं की तो युक्तिवाद सगळ्यांचा होईल. बाबांनी विचारलं, मग नवीन अर्ज करू का, दोन ओळींचा? तो म्हणाला, तो याच फायलीला जोडला जाईल.

"मग मी त्याच्याशी वाद घातला," बाबा म्हणाले. "तर तो मला समजावून सांगायला लागला. आपला देश कसा सुटला, आपण कोणाच्या बाजूने उभं राहायचं. अगदी शांतपणे. मी रोज जेवताना जे बोलतो ते तो मला सांगत होता, नंदू, आणि मला ते खोडता येईना."

संध्याकाळी ते काकूंकडे गेले, मी त्यांच्याबरोबर. काकू पलंगावर घोंगडी अंथरून गणवेशाला इस्त्री करत होत्या. बाबांनी काही न वगळता सगळं सांगितलं. शेरा किती लांब होता आणि त्यात काय होतं हेही. काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"भाऊजी, माझी आई आजारी आहे," त्या म्हणाल्या. "एवढंच होतं हो."

त्यात राग असता तर बाबांना बरं वाटलं असतं. त्या खरोखर समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या की एवढ्याशा गोष्टीला दीड पान कसं लागलं.

हे लिहिताना मी माझ्या वडिलांच्या त्या वेळच्या वयाला पोचलो आहे. पुढे किती तरी वर्षांनी धोरण बदललं. जुन्या विचारांच्या जागी दुसरे विचार आले, दिल्लीत पूर्ण वकिलात उघडली, आणि आता भोपाळच्या बिट्टन मार्केटमध्ये भाजी घेताना भेटलेला माणूस सहज सांगतो की मुलगा तिकडे शेतीचं तंत्रज्ञान शिकायला गेलाय. काकूंना तेव्हा जाता आलं असतं. त्या निवृत्त होऊन ठाण्याला मुलीकडे राहत होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा हा विषय काढला, तर म्हणाल्या, आता कोणाला बघायला जाऊ, आणि माझ्या बायकोला आमच्या टाउनशिपच्या गमती सांगत बसल्या. नबीलच्या कॅम्पातल्या लोकांचं काय झालं ते मी वर्तमानपत्रांत वाचत असतो आणि बाबांच्या जुन्या सूत्रांत मला अजूनही चूक सापडत नाही. मला खरं तर चूक सापडायला हवी आहे. बाबांची किंवा माझी, एखादी नीट हातात धरता येईल अशी, म्हणजे ती कबूल करून मोकळा होता येईल. इतकी वर्षं शोधतो आहे.

काकूंची आई गेल्याची तार त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आली, पोस्टमनने ती चुकून आमच्या दारात दिली. माझ्या आईने ती वाचून स्वतःच्याच घरात जमिनीवर बसकण मारली, मग उठून पलीकडे गेली. त्यांच्यात अशा वेळी सात दिवस जमिनीवर बसतात आणि घरात चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी जेवण आणून देतात. आई उकडलेली अंडी, डाळ, भात नेई. दवाखान्यातल्या केरळी सिस्टर्स येत, कोणी भाकरी आणी, कोणी केळी. मी नबीलला सांगितलं होतं, पण तो येईल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. चपला काढून आत आला आणि दाराजवळच चटईच्या बाहेर, गार फरशीवर बसला. त्याच वेळी बाबा आईने दिलेला डबा घेऊन आले होते. ते उंबऱ्यात उभे राहिले. काका त्यांना या म्हणाले, पण ते आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत.

नबील त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. काकूंनी मान हलवली. मग काकूंनी विचारलं, "तेरी दादी को कहाँ दफ़नाया?"

"कैंप के पास।"

"लिद्द में नहीं।"

"नहीं, आंटी।"

"मेरी माँ को वहीं रखा होगा अब।" काकू थांबल्या. आपण हे कोणाला विचारतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलेलं मला दिसलं. तरी त्यांनी विचारलं. "तेरी दादी मिट्टी का कुछ बताती थीं? कैसी है वहाँ की?"

नबीलने डोळे मिटले. मला वाटलं तो उठून जाईल.

"लाल," तो म्हणाला. "दादी कहती थीं, लाल है। हाथ में लो तो नरम। बारिश के बाद बहुत अच्छी महक आती है।"

काकू काकांकडे वळून मराठीत म्हणाल्या, "लाल आहे म्हणतो. आपल्या कोकणासारखी." काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काकू नबीलकडे बघून परत म्हणाल्या, "लाल?" आणि तो म्हणाला, "जी आंटी, लाल। नरम।"

बाबांनी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि बाहेर आले. मी त्यांच्यामागे गेलो. दोन फाटकांमधलं अंतर ते काय, पण आमच्या फाटकाची कडी हातात धरून ते थांबले. कारखान्याचा भोंगा झाला, पहिली पाळी सुटली. सायकलींचा लोंढा रस्त्यावर आला. ओळखीची माणसं त्यांना नमस्ते करत जात होती आणि ते सवयीने मान हलवत होते.

"आपली भूमिका बरोबर होती," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. माझ्या वडिलांनी तोपर्यंत मला कधी काही विचारलं नव्हतं, नेहमी सांगितलंच होतं. "होती ना रे?"

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण फाटक उघडलं नाही, कारण आई दारातच उभी होती आणि सेराने डब्यातलं काही खाल्लं का, हे ती आता विचारणार होती.